ओसरीवरची बालवाडी: गाव पाठीशी कसं उभं करायचं

दसरा-दिवाळीच्या सुमाराला खान्देशात कपाशीची वेचणी सुरू होते आणि गावागावांतल्या बाया सकाळी सात-साडेसातलाच घर सोडतात. अंगणवाडी उघडायला तेव्हा अजून वेळ असतो. ती मिटते तेव्हा वेचणी ऐन भरात असते. मधल्या आणि नंतरच्या तासांत तीन-चार वर्षांचं पोर कुठे असतं? कुणाचं बांधावर झोळीत, कुणाचं आजीजवळ, कुणाचं शाळा बुडवून घरी थांबलेल्या दहा वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. ऐपत असलेल्या घरांतली मुलं गाडीत बसून तालुक्याच्या नर्सरीत जातात आणि तिथली फी मजुरी करणाऱ्या घराला झेपणारी नसते.

या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे ओसरीवरची बालवाडी. गावातल्याच एका बाईच्या घरी, तिच्या ओसरीवर किंवा पडवीत, शेजारपाजारची आठ-दहा मुलं, परवडणारी फी, आणि खेळ, गाणी, गोष्टी, बोलणं यांतून होणारं शिक्षण. जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशी कामं करू पाहणारे नवे लोक भेटतात: डी.एड. होऊन घरी बसलेल्या मुली, बचत गटाच्या अध्यक्षा, नव्याने निवडून आलेल्या सदस्या. मुलांना काय शिकवायचं हे त्यांना बऱ्यापैकी माहीत असतं. त्या अडतात ते गावाशी. चार महिने स्वतःच्या खिशातून चालवतात, मग थकतात, आणि ओसरी पुन्हा रिकामी होते. म्हणून हा लेख शिकवण्याबद्दल थोडा आणि गावाचा पाठिंबा उभा करण्याबद्दल जास्त आहे. पाठिंबा मिळाला असं मी तेव्हाच म्हणते, जेव्हा आईबाप नियमित फी देतात, गावातले बाकीचे लोक तूट भरतात आणि ग्रामपंचायतीच्या आराखड्यात बालवाडीच्या नावाने रक्कम लिहिली जाते.

आधी गाव बघा, मग बोला

पहिले आठ दिवस कुणालाही काही सांगू नका. वही घ्या आणि सकाळी मजूर निघायच्या वेळी फाट्यावर, पारावर, हातपंपाजवळ उभ्या राहा. कोणत्या गल्लीतून, कोणत्या वस्तीतून लहान मुलांच्या आया कामाला जातात, पोरं कुणाकडे सोडून जातात, परत कधी येतात, एवढंच टिपा. नंतर घरोघर जा. वहीत चार रकाने पुरेत: मुलाचं वय, आई कोणत्या महिन्यांत कामाला जाते, मूल दिवसभर कुणाजवळ असतं, त्याच्यामुळे घरातल्या मोठ्या बहीण-भावाची शाळा बुडते का.

चौथा रकाना विसरू नका. पुढे ग्रामसभेत उभ्या राहाल तेव्हा याच रकान्यातली नावं (नावं वाचू नका, आकडा सांगा) लोकांना हलवतात. धाकट्याला सांभाळायला मोठीची शाळा बुडते हे प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं, फक्त मोजलेलं नसतं.

हा प्रश्न जुना आहे आणि त्याचं उत्तरही महाराष्ट्रातच शोधलं गेलं आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला (आताचा पालघर जिल्हा) ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी शाळाच वस्तीच्या अंगणात नेली. पुढे १९५७ पासून कोसबाडला आदिवासी मुलांबरोबर काम करताना त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका जागी जोडली, कारण धाकटं भावंड कुठेतरी नीट बसल्याशिवाय मोठं शिकायला मोकळं होत नाही. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणावरच शाळा भरवली. तुमच्या वहीतला चौथा रकाना तेच सांगत असतो.

सातपुड्याकडे, म्हणजे अक्राणी, अक्कलकुवा, तळोदा या बाजूला, किंवा शिरपूर-चोपड्याच्या डोंगरपट्ट्यात काम करणार असाल तर पाडे मोजा. एक पाडा आणि दुसरा पाडा यांच्यात नाला असतो, टेकडी असते. अंगणवाडी एका पाड्यावर असली तर पावसाळ्यात दुसऱ्या पाड्याचं तीन वर्षांचं मूल तिथे जाणार नाही. तिथे घरगुती बालवाडीचं म्हणणं लोकांना पटवायला फार वेळ लागत नाही. तिथला खरा पेच दिवाळीनंतरचा आहे: कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि पोरं बरोबर नेतात. आजी-आजोबा गावात राहत असतील तर त्या घरांची यादी वेगळी करा. मूल मागे ठेवायचं की नाही हे आईबाप ठरवतील, पण मागे ठेवलं तर त्याच्या दिवसाची सोय आहे, हे त्यांना निघण्याआधी कळायला हवं.

अंगणवाडी सेविकेला सगळ्यांत आधी भेटा

बालवाडीची बातमी सेविकाताईंना दुसऱ्याकडून कळली तर काम सुरू होण्याआधीच बिघडतं. त्यांना वाटतं, माझी पटसंख्या पळवायला कुणीतरी आलं. ही भीती रास्त आहे. म्हणून सरपंचाच्याही आधी त्यांच्याकडे जा आणि स्पष्ट सांगा: प्रत्येक मुलाचं नाव अंगणवाडीतच राहील. गरम ताजा आहार, वजन-उंची, लसीकरण, सगळं तिथेच होईल. अंगणवाडीच्या वेळात मुलं अंगणवाडीत असतील. ओसरी फक्त आधीचे आणि नंतरचे तास सांभाळेल, आणि अंगणवाडी लांब असलेल्या वस्तीत मुलांना वेळेवर तिथपर्यंत नेऊन सोडेल.

अंगणवाड्या ज्या योजनेतून आल्या ती एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तिच्या सहा सेवांमध्ये शाळापूर्व शिक्षण पहिल्यापासून आहे. पण सेविकेच्या दिवसाचा मोठा भाग आहार, नोंदी आणि मोबाईलवर माहिती भरण्यात जातो. हे तिचं अपयश नाही, तिच्यावर लादलेलं ओझं आहे. गावात बोलताना अंगणवाडीला एक शब्दही वाईट बोलू नका. मी तर म्हणेन, बालवाडीच्या पहिल्या बैठकीचं अध्यक्षपद सेविकाताईंनाच द्या. त्यांच्याकडे सर्वेक्षणाची नोंदवही असते, गावातलं प्रत्येक मूल त्यांना नावाने माहीत असतं, आणि अंगणवाडीच्या अभ्यासक्रमातले खेळ त्या तुमच्या ताईला शिकवू शकतात.

कुणाची ओसरी?

घर निवडताना लोक जागा बघतात. मी सांगेन, आधी बाई बघा. शिक्षण दहावीपर्यंत असलं तरी चालेल, कमी असलं तरीही. ती मुलांशी बोलते का, हे बघा. मूल रडलं तर आवाज चढवते की जवळ घेते? घरात दारू पिणारा कुणी आहे का? घरातल्या सगळ्यांची या कामाला मनापासून संमती आहे का? शेवटचे दोन प्रश्न विचारायला अवघड वाटतात, पण ते विचारल्याशिवाय दुसऱ्याची मुलं कुणाच्या घरी ठेवू नयेत. एका बाईजवळ आठ-दहापेक्षा जास्त मुलं नकोत. दहाच्या वर गेली तर दुसरी बाई हवीच, एखादी धट्टीकट्टी आजीसुद्धा चालेल.

जातीचा विषय टाळू नका. कोणत्या आळीतल्या ओसरीवर कोण आपलं पोर पाठवेल आणि कोण नाही, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. माझं म्हणणं सरळ आहे: सगळ्या वस्त्यांची मुलं येतील, एका माठातलं पाणी पितील, एका पंगतीत खातील, हे पहिल्याच दिवशी जाहीर करायचं. दोन-चार घरं मागे हटतील. हटू द्या. एकदा तडजोड केली की ती बालवाडी त्या आळीची होते, गावाची राहत नाही, आणि मग ग्रामसभेत सगळ्या गावाचा पैसा मागायचा हक्कही जातो.

घराचं बोलायचं तर धाब्याचं घर उन्हाळ्यात बरं. पत्र्याची शेड एप्रिल-मेमध्ये लहान मुलांना ठेवण्याजोगी नसते. आपल्याकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. पत्र्याशिवाय पर्याय नसेल तर त्या महिन्यांत सकाळी अकरापर्यंतच चालवा. विहीर, हौद, चुलीची जागा, विजेची उघडी वायर, फवारणीच्या औषधाचे डबे यांची पाहणी स्वतः करा. कापूस पिकवणाऱ्या घरात कीटकनाशक हमखास असतं, बऱ्याचदा ओसरीच्याच कोनाड्यात. ते कुलपात जाईपर्यंत एकही मूल येणार नाही, हा नियम मोडू नका. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

तिथे चालतं काय, हे तुम्हाला नीट सांगता आलं पाहिजे

लोक तुम्हाला विचारणारच, “मना पोर्‍याले तठे काय शिकाडतस?” याचं उत्तर ‘सर्वांगीण विकास’ असं दिलंत तर समोरचा मान डोलावतो आणि विसरतो. जे दिसतं ते सांगा.

सकाळची वेळ. गोणपाटावर सहा मुलं बसली आहेत. मधे ज्वारीच्या धाटांचा ढीग आहे. ताई म्हणतात, “सगळ्यांत लांब कोणतं?” चार वर्षांचा एकजण दोन धाटं उचलतो, शेजारी शेजारी धरतो, पण खालची टोकं जुळवत नाही, त्यामुळे छोटंच वर जातं. ताई काही सांगत नाहीत. शेजारची मुलगी त्याचा हात खाली ओढते, टोकं जमिनीला टेकवते, आणि दोघं एकदम ओरडतात, “हाई लांबडं!” मोजमापाचा हा पहिला धडा झाला. त्याच धाटांची दुपारी बैलगाडी होते, तीत मातीचे बैल जुंपले जातात, आणि गाडी बाजाराला जाते तेव्हा काय काय विकायचं याची यादी मुलं बोलून दाखवतात. त्या एका खेळात मूल पंचवीसेक शब्द वापरतं, आणि ते शब्द त्याच्या घरच्या बोलीतले असतात.

घरच्या बोलीत बोलू द्या. अहिराणी असो, लेवा गणबोली असो, भिली किंवा पावरी असो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही लहान वयात घरच्या भाषेवर भर आहे. आजीला आखाजीची (अक्षय तृतीयेची) गाणी येतात, जात्यावरच्या ओव्या येतात, कानबाई देवीच्या कथा येतात. आठवड्यातून एक दिवस एका आजीला बोलवा. मुलं ऐकतात, आणि ती आजी संध्याकाळी चार घरांत जाऊन सांगते की मी शाळेत गोष्ट सांगून आले. असा प्रचार पत्रकाने होत नाही.

साहित्य विकत घ्यावं लागत नाही. चिंचोके, सीताफळाच्या बिया, कपाशीची वाळलेली बोंडं, काड्या, रंगीत चिंध्या, माती. एक सावधगिरी: तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती चिंचोका, शेंगदाणा, हरभरा असं काही देऊ नका. नाकात-घशात अडकतं.

अशा साध्या गोष्टींनी खरंच फरक पडतो का, असं शिकलेला माणूस विचारतो. त्याच्यासाठी एक उदाहरण लक्षात ठेवा. जमैका देशात किंग्स्टन शहराच्या गरीब वस्त्यांमध्ये १९८०च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ मुलांचा अभ्यास झाला. त्यांतल्या काही मुलांच्या घरी आरोग्यसेविका आठवड्यातून एकदा तासभर जायच्या आणि घरीच बनवलेल्या खेळण्यांनी मुलाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं हे आईला दाखवायच्या. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी ती मुलं मोठी झाली तेव्हा त्यांची कमाई, अशा भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्के जास्त होती. महागडी इमारत नव्हती, गणवेश नव्हता. खेळणारं, बोलणारं मोठं माणूस होतं. आपल्या शिक्षण धोरणातच म्हटलं आहे की मेंदूची ८५ टक्क्यांहून अधिक वाढ सहा वर्षांच्या आत होते. हे वाक्य शिक्षकांना, ग्रामसेवकाला, सदस्यांना सांगा. मजूर आईला सांगताना मात्र तिच्या मुलाने काल काय केलं ते सांगा.

पैशाचं गणित उघड ठेवा

इथे लोक लाजतात. लाजू नका. फुकट चालवायचा मोह होतो, पण फुकटची बालवाडी दात्याच्या मर्जीवर राहते आणि ओसरीवरच्या ताईच्या राबण्याला ‘सेवा’ म्हणून विनामूल्य करून टाकते. तिला मोबदला मिळालाच पाहिजे. पहिल्या महिन्यापासून.

उदाहरणादाखल हिशेब मांडते, आकडे तुमच्या गावाप्रमाणे बदला. बारा मुलं. मुख्य ताईला महिन्याला ४,००० रुपये, मदतीच्या बाईला २,०००, साबण, पिण्याचं पाणी, दुपारचा खाऊ आणि किरकोळ साहित्य १,०००. एकूण ७,०००. फी २५० रुपये धरली तर बारा मुलांचे ३,००० येतात. तूट ४,००० ची. वेचणीच्या चार महिन्यांची तूट १६,०००, वर्षभर चालवली तर ४८,०००. ताईला ४,००० फारच कमी आहेत हे मला कळतं. सुरुवातीला एवढं उभं करा आणि दुसऱ्या वर्षी वाढवायचं असं लेखी ठरवा.

आता २५० रुपये आईला कसे सांगायचे? महिन्यात पंचवीस दिवस धरले तर दिवसाला दहा रुपये होतात. वेचणी किलोवर असते. कडेवर पोर घेऊन, दर थोड्या वेळाने त्याला बघायला बांधावर जाऊन वेचणारी बाई आणि मोकळ्या हाताने वेचणारी बाई यांच्या दिवसभराच्या कापसात किती किलोंचा फरक पडतो, हे तिलाच विचारा. हिशेब तिने करू द्या. तुमच्यापेक्षा ती चोख करते.

फी घ्यायची वेळ पिकाच्या आणि मजुरीच्या चालीने ठरवा. महिन्याच्या एक तारखेचा आग्रह नोकरदारांसाठी ठीक. मजुरांकडे आठवडे बाजाराच्या दिवशी पैसा असतो, तेव्हा आठवड्याला साठ रुपये घ्या. कुणी पैशाऐवजी दादर (रब्बी ज्वारी), बाजरी, तूर देत असेल तर घ्या आणि बाजारभावाने वहीत मांडा. पावसाळ्यात निंदणीचं काम थांबलं की महिनाभर फी तटते. त्या मुलाचं येणं थांबवू नका. उधारी वहीत राहू द्या. बहुतेक आया वेचणी सुरू झाली की फेडतात.

राहिलेल्या तुटीसाठी तीन दारं आहेत. पहिलं दार शेतमालकांचं, आणि नवे लोक नेमकं तिकडेच जात नाहीत. ‘मजूर मिळत नाही’ हे वाक्य खान्देशातल्या प्रत्येक पारावर ऐकू येतं. कपाशी असो की रावेर-यावलच्या केळीच्या बागा, कामाला माणूस हवं आहे. आप्पांना, दादांना हे सांगा की पाच आया मोकळ्या झाल्या तर पाच मजूर वाढले. हे दान नाही, त्यांच्याच शेताची सोय आहे. आखाजीला सालदार (वर्षाच्या बोलीवरचे गडी) ठरतात, वर्षाची देणीघेणी बोलली जातात. त्याच आठवड्यात मालकांना भेटा आणि वेचणीच्या चार महिन्यांसाठी प्रत्येकी ठरावीक रक्कम बोलून घ्या, वहीत सही घेऊन. सालदाराच्या मुलाची फी मालकाने भरावी, असंही सुचवून बघा. काही जण तयार होतात.

दुसरं दार बचत गटाचं. उमेदचे (राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळ) गट गावात असतील तर त्यांच्या ग्रामसंघाच्या बैठकीत विषय घ्या. बालवाडीचे पैसे गटाच्या खात्यात ठेवले तर हिशेबावर कुणी शंका घेत नाही. शिवाय सीआरपी ताई (गटांना मार्गदर्शन करणाऱ्या गावातल्याच कार्यकर्त्या) शेजारच्या गावांत जातात, बातमी त्यांच्याबरोबर जाते. तिसरं दार ग्रामपंचायतीचं, त्याकडे पुढे येते.

गावात फिरताना ऐकू येणारं बोलणं

“खेळायलाच पाठवायचं तर घरी खेळीन ना.” यावर वाद घालू नका. एका सकाळी त्या माणसाला ओसरीवर बसवा.

“इंग्रजी शिकाडतस का?” हा प्रश्न मनापासून येतो, त्यामागे पोराने शेतात राबू नये ही आस असते. तिची टिंगल करू नका. सांगा की आपल्या भाषेत ज्याला भरपूर बोलता येतं, गोष्ट पुन्हा सांगता येते, त्याला दुसरी भाषा लवकर येते, आणि हवी तर दोन इंग्रजी गाणी म्हणून घ्या. पण साडेतीन वर्षांच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघी वहीत एबीसीडी गिरवून घ्यायचा आग्रह आला तर ठाम नकार द्या. बोटांना अजून ती ताकद नसते. कणीक मळू दे, मणी ओवू दे, मातीत बोटाने काढू दे, मग सहाव्या वर्षी पेन्सिल आपोआप नीट धरली जाते. पालकांच्या दबावाखाली बालवाडीची पहिली-दुसरी झाली की सगळा खटाटोप वाया जातो.

“आमनी पोरं तर अशीच मोठी झायनी.” म्हातारी माणसं हे म्हणतात आणि त्यांचं खरंही आहे. तेव्हा घरात चार जावा होत्या, अंगणात वीस पोरं होती, दिवसभर कुणी ना कुणी बोलायला होतं. आता घरं छोटी झाली, आई कामाला, बाप बाहेरगावी, आणि पोराच्या हातात मोबाईल. म्हाताऱ्यांनाच विचारा, तुमच्या अंगणासारखं अंगण आता कुठे आहे? ते विचारात पडतात आणि बहुतेकदा तेच तुमचे पहिले पाठीराखे होतात.

वडिलांशी बोलायला वेगळी वेळ काढा. बायकांच्या बैठकीत ठरलेलं संध्याकाळी घरी एका शब्दात मोडतं. रात्री जेवणं झाल्यावर पारावर, मारुतीच्या ओट्यावर, दूध संकलन केंद्रावर पुरुष बसतात. तिथे एखाद्या भावाला किंवा गुरुजींना घेऊन जा आणि दहा मिनिटांत बोलणं संपवा.

दाखवायचा दिवस

सुरू होऊन सहा-सात आठवडे झाले की गावाला ओसरीवर बोलवा. स्नेहसंमेलन करू नका. मुलांना नटवून भाषणं पाठ करून घेतली की लोक टाळ्या वाजवतात आणि बालवाडी काय करते हे त्यांना कळतच नाही. रोजचाच दिवस चालू द्या आणि पाहुण्यांना मुलांबरोबर खाली बसवा. एका कोपऱ्यात मुलांनी केलेले मातीचे बैल मांडा, प्रत्येकाखाली मूल आपल्या बैलाबद्दल काय म्हणालं ते त्याच्याच बोलीत लिहून ठेवा. वडील ते वाचतात. “मना बैल मारकुंडा शे, पन माले काही नही करस.” चार वर्षांच्या मुलाचं असं पूर्ण वाक्य कागदावर पाहिल्यावर आणखी समजावावं लागत नाही.

सरपंच, सदस्य, मुख्याध्यापक, सेविका, आशाताई, मालक मंडळी, सगळ्यांना बोलवा. पहिलीचे गुरुजी आले तर उत्तम, कारण ही मुलं पुढे त्यांच्याकडेच जाणार आहेत आणि फरक त्यांनाच आधी दिसणार आहे. मुलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकायचे असतील तर आईबापांची परवानगी घ्या.

ग्रामसभेत ठराव

महाराष्ट्रात ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा होते, साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. तुमचा विषय तिथे पहिल्यांदा आला पाहिजे, कारण महिला सभेतून आलेली मागणी ग्रामसभेत बाजूला सारणं कठीण जातं. विषयपत्रिकेत विषय यावा म्हणून ग्रामसेवकाकडे (आताचं पदनाव ग्रामपंचायत अधिकारी) आधीच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ऐनवेळच्या विषयांत ढकललं गेलं तर तोवर लोक उठून गेलेले असतात.

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. ती रक्कम गेल्या वर्षी कशावर खर्च झाली, हे आधी नम्रपणे विचारून घ्या. पेसा क्षेत्रातल्या (पेसा कायदा लागू असलेल्या आदिवासी भागातल्या) गावांना आदिवासी उपयोजनेतला अबंध निधी (ठरावीक कामाला न बांधलेला पैसा) थेट मिळतो, तिथे ग्रामसभेचा शब्द आणखी वजनदार असतो. आराखड्याची जुळवाजुळव ऑक्टोबरपासून सुरू होते, म्हणून २ ऑक्टोबरची ग्रामसभा चुकवू नका. ठरावाचा मसुदा तुम्हीच तयार करून न्या. असा चालेल:

“मौजे ……… येथील शेतमजूर व इतर गरजू कुटुंबांतील ६ वर्षांखालील मुलांसाठी श्रीमती ……… यांच्या घरी चालणाऱ्या बालवाडीस ही ग्रामसभा मान्यता देत आहे. सदर बालवाडीच्या खर्चासाठी महिला व बालकल्याण तरतुदीतून दरमहा ……… रुपये ……… महिन्यापासून देण्यात यावेत, तसेच ही बाब पुढील वर्षाच्या ग्रामपंचायत विकास आराखड्यात समाविष्ट करण्यात यावी. जमाखर्च दर तीन महिन्यांनी महिला सभेपुढे ठेवण्यात येईल. मुलांची अंगणवाडीतील नोंदणी कायम राहील. सूचक ………, अनुमोदक ………”

मानधन या शीर्षाखाली बसत नाही असं ग्रामसेवक म्हणाले तर तिथेच ठराव सोडून देऊ नका. चटया, पाण्याचा फिल्टर, शौचालयाची दुरुस्ती, खेळाचं साहित्य एवढं तरी ग्रामपंचायतीने द्यावं आणि मानधन फी व मालकांच्या वर्गणीतून भागवावं. सूचक म्हणून वेचणीला जाणारी आई उभी राहिली पाहिजे. तिला घाम फुटेल. आदल्या दिवशी ओसरीवर दोन-तीनदा बोलून घ्या, आणि त्या दिवशी तिच्या शेजारी बसा. गणपूर्ती व्हावी म्हणून बायांना कामावरून लवकर सुटता येईल का, हे मालकांशी आधीच बोलून ठेवा.

ठराव झाला की आठवडाभरात इतिवृत्ताची प्रत मागा. प्रत हातात येईपर्यंत ठराव झाला असं धरू नका. त्या प्रतीसह बालविकास प्रकल्प अधिकारी आणि जिल्हा परिषद सदस्य यांना भेटा. केंद्राची ‘पाळणा’ योजना आहे, तीत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं. तुमच्या गावची मागणी कागदावर असेल तर अशा योजनेसाठी गावाचं नाव सुचवणं अधिकाऱ्यालाही सोपं जातं. तालुक्याच्या वार्ताहराला बोलवायचं ते ठरावानंतर, आधी नाही. आधी बातमी आली की ग्रामपंचायतीला वाटतं आपल्यावर दबाव आणला.

दुसऱ्या वर्षासाठी आत्तापासून ठेवायच्या नोंदी

रोजची हजेरी. कोणत्या मुलाची आई किती दिवस कामाला गेली. कोणाच्या मोठ्या बहिणीची शाळेतली हजेरी वाढली, ती शाळेच्या हजेरीपटावरून मुख्याध्यापकांना विचारून. मुलांचं वजन सेविकाताईंच्या नोंदीतून. आणि प्रत्येक मुलामागे एक पान, ज्यावर ताई महिन्यातून एकदा दोन ओळी लिहितील: काय नवं करू लागलं, काय बोललं. ताईंना लिहिणं जड जात असेल तर त्यांनी सांगावं आणि डी.एड. झालेल्या मुलीने लिहावं.

जमाखर्च ओसरीच्या भिंतीवर, सगळ्यांना वाचता येईल असा, दर महिन्याला बदलून. कुणी किती दिलं, किती उरलं, कुणाची वर्गणी राहिली. ताईंचं मानधन थकलं असेल तर तेही त्याच कागदावर लिहा, म्हणजे मुलांना सोडायला येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेला पडतं. हे कागद एका फायलीत लावत जा आणि पुढच्या आखाजीला मालकांकडे जाताना ती फाईल बरोबर न्या.